हिराकुंवराचा मोगरा

२ एप्रिल १९४५, नवेगाव बांध

संक्रांतीपासून एक ओळ नाही. माफी मागायची तर या वहीचीच. आजारी नव्हतो, शाळेचे कामही फार नव्हते. लिहावे असे हातून काही झाले नाही, एवढेच. आणि आज जे झाले ते कोणाला सांगता येण्यासारखे नाही, म्हणून वही उघडली.

सकाळी शामकलाबाईंच्या अंगणातला वाळलेला मोगरा उपटला आणि माझ्या विहिरीजवळचे हिरवे रोप त्या जागी लावले. त्या आणि त्यांची सून गोमती मोहफुले वेचायला रानात गेल्या होत्या. मी मागच्या कुंपणातून शिरलो. चोरासारखा. ‘सारखा’ कशाला लिहायचे!

वाळलेले रोप धोतराच्या सोग्यात घेऊन परत आलो. हेडमास्तर, बी. ए.

खेमराज आठवतो. शामकलाबाईंचा एकुलता एक. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ होतो, त्यात दरवर्षी हिराकुंवर व्हायचा. कथा इकडची जुनीच, पदे माझी. राक्षस तळ्याचे पाणी गिळून भुयारात जाऊन बसतो. हिराकुंवर ते सोडवायला निघतो, आणि निघताना आईच्या अंगणात मोगऱ्याची फांदी लावतो — ही हिरवी तोवर मी जिवंत. आई पाणी घालत राहते. शेवटी तो पाणी घेऊन येतो.

शेवटच्या मंडईनंतर पोराने दंडारीतली तीच फांदी घरी नेली आणि अंगणात खोचली. पलटणीत जायचे ठरले होते. हसत म्हणाला, “माय, हे हिरवं आहे तवर मी आहो.” फांदी माझ्याच झाडाची होती. जगली. तो मलायात गेला. सिंगापूर पडल्यावर सरकारकडून ‘बेपत्ता’ एवढा एकच शब्द आला. तो मीच वाचून दाखवला. त्यालाही तीन वर्षे होऊन गेली.

शामकलाबाई अजून उठल्या की आधी त्या झाडाकडे बघतात, मग चूल. परवा शाळेतून घरी जाताना मला झाड कोमेजलेले दिसले आणि त्यांचे तोंडही दिसले. ते तोंड बघवेना. म्हणून.

३ एप्रिल

शाळेच्या फाटकाशी आल्या. “मास्तर, परवा मान टाकली होती जी झाडानं. आज पाहा, कसं तरतरलं! पोरगं बिमार होतं वाटते. आता बरं आहे.”

मी “हो” म्हणालो. एका अक्षरात इतके खोटे मावते हे ठाऊक नव्हते.

१४ एप्रिल

शनिवारच्या गोष्टीच्या तासाला मुलांनी हिराकुंवरच मागितला. नागपूरला कॉलेजात असताना मी असल्या कथांना हसत असे. आता सांगताना माझाच आवाज बदलतो.

एक गोष्ट आज लक्षात आली. हे कथेतले वीर ‘सगळे चांगले होईल’ असे कधी म्हणतच नाहीत. हिराकुंवर भुयारात उतरताना आईला काय सांगतो? “बैलाले पानी दाखवजो.” हे मी लोकांना हसू यावे म्हणून घातले होते, आणि हसूही यायचे. पण निराश माणसाला उद्याच्या बैलाचे पाणी सुचत नाही. आशा म्हणजे बहुधा तेवढेच असावे — कोणते तरी काम उद्यावर सोपवून जाणे.

हे लिहून बरे वाटले. मग स्वतःला विचारले, हे तुला सुचले की तुला सोयीचे आहे? झाड बदलले त्याला तत्त्वज्ञान हवे होते, ते मिळाले.

२० एप्रिल

विहिरीजवळ आणखी चार फांद्या लावल्या. शकुंतला म्हणाली, “चाळिशी उलटल्यावर मोगऱ्याचा नाद? माझ्या डोक्यात तर कधी माळला नाहीत.” मी म्हणालो, शाळेसाठी. ती म्हणाली, “शाळेच्या डोक्यात माळा मग.”

९ मे

पुन्हा सुकला. तेच झाड, तीच जागा, रोज पाणी, तरी पाने करपून काळी पडली. ऊन, दुसरे काय. तेंदूपाने तोडायला दोघी गेल्या तेव्हा बदलले. या खेपेस मागे वळूनही पाहिले नाही. याचीच जास्त भीती वाटते.

१४ मे

आज जे घडले ते नीट लिहिले पाहिजे.

चोरखमाऱ्याहून मनीराम आले होते. त्यांच्या पुतण्यासाठी, केवलरामसाठी, गोमतीला मागायला. केवलराम विधुर आहे, एक लहान मुलगी आहे. तलावाच्या पाण्याखालची धानाची शेती. गोमतीचे दुसरे लग्न, पाट लावायचा. जातीतले पंच शामकलाबाईंच्या ओसरीवर बसले होते, मलाही बोलावले होते. शिकलेला माणूस म्हणून.

पंचांचे म्हणणे सरळ होते. नवऱ्याचा पत्ता नाही, पोरगी बावीस-तेवीसची, सासू हो म्हणाली तर त्यांची ना नाही. सगळे सासूच्या शब्दावर.

शामकलाबाईंनी अंगणाकडे हात केला. “ते पाहा. हिरवं आहे का नाही? जित्या मानसाच्या बायकोचा पाट लावता? लाज वाटू द्या जी.”

मनीराम म्हणाले, “बाई, झाड आहे ते. झाडाले काय समजते?”

“तुमाले तरी काय समजते?” त्या म्हणाल्या. पंच हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मास्तर काय म्हणतात?

मास्तर सुपारी चघळत बसले. गोमती दाराआड उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

मनीराम जाताना म्हणाले, “दिवाळीपर्यंत थांबतो आम्ही.”

१५ मे

कालचे वाचले. ‘सुपारी चघळत बसले’ — असे लिहून मी स्वतःची थट्टा केली आहे. म्हणजे अपराध हलका होतो. खरे वाक्य असे: मी लावलेल्या झाडाच्या साक्षीवर एका मुलीचे आयुष्य अडवले गेले, आणि मी तिथे बसून ते पाहिले.

८ जून

पाऊस नाही. ढग येतात आणि डोंगरापलीकडे निघून जातात. शाळेला सुट्टी.

दुपारी शामकलाबाई तळ्यावर मासे आणायला गेलेल्या दिसल्या, म्हणून झाड बघायला गेलो. सुकले असेल तर बदलावे म्हणून रोपही बरोबर नेले. कुंपणाशी पोचलो तर गोमती भाताचे पातेले घेऊन बाहेर आली. वाटले, शेळीला पेज देणार. या घरात पेज कधी वाया जात नाही. ती मोगऱ्याशी बसली आणि वाफाळती पेज हळूहळू मुळांत ओतली. सांडू न देता. जणू पूजाच करत होती.

मी रोप हातात धरून तसाच उभा. तिने मान वर केली. दचकली नाही.

“तुम्हीच लावता न जी? मले वाटलंच होतं. आमच्या मोगऱ्याच्या बुडाले तुमच्या विहिरीची लाल माती कुठून आली म्हटलं.” मग म्हणाली, “मी मारतो, तुम्ही जगवता. चांगला धंदा आहे.”

मी विचारले, किती दिवसांपासून? ती म्हणाली, चैतापासून. केवलरामचे मागणे येण्याच्याही आधीपासून.

“वाट पाहाचा कंटाळा आला म्हणून नाही जी. लगन होऊन आठ महिने झाले अन् ते गेले. मले त्यायचं तोंड आठवत नाही. मुकुट आठवते. दंडारीतला, बेगडाचा. रोज सकाळी माय म्हनते, पाह्य, हिरवं आहे. अन् मी पाहातो. हिरवं दिसलं का तो दिवस बी गेला. सुकलं तं माय एक खेप रडन अन् मोकळी होईन. मी बी होईन. पन तुम्ही होऊ देत नाही.”

मी काय बोललो ते लिहीत नाही. आशेबद्दल काहीतरी बोललो. ती ऐकून घेऊन म्हणाली, “आशा तुमाले अन् मायले. पहारा मले.”

९ जून

रात्रभर तेच. कथेत रोप कोण बदलतो? वीर नाही, आई नाही. कथेत वस्तूंच्या जागा बदलणारा आणि खोटे हिरवे दाखवणारा नेहमी जादूगारच असतो. मी हिराकुंवराची पदे लिहिली आणि वागलो राक्षसासारखा. पाणी अडवून बसलो.

१० जून

गोमती विहिरीवर भेटली. तिनेच तोड काढली. “तुम्ही लावनं बंद करा. मी टाकनं बंद करतो. मंग पाहू, झाड आपल्या मनानं काय करते ते.”

न्याय्य आहे. कबूल केले. आणि माझी सुटका झाली म्हणून मनातून आनंद झाला, हेही लिहून ठेवतो.

१९ जुलै

धानाची रोवणी चालू आहे. सगळे गाव चिखलात. वर्गात सहा मुले.

मोगरा माजला आहे. कोणी हात लावत नाही, वरून पाऊस. कमरेएवढा झाला आणि फुलांनी पांढरा. शामकलाबाई शेताच्या बांधीत वाकून रोवणी करता करता शेजारणींना सांगत होत्या, “माझ्या पोराले मोठा हुद्दा भेटला असन. फुलं मोजवत नाहीत.” ओळीत तिसरी गोमती. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पुढचे रोप चिखलात खोचले.

झाडाने आपल्या मनाने केले ते हे. आता काय करायचे, मास्तर?

१६ ऑगस्ट

लढाई संपली! गोंदियाहून आलेल्या माणसाने सांगितले, जपानने हात टेकले. शामकलाबाईंनी गावात गूळ वाटला. माझ्या हातावर ठेवताना म्हणाल्या, “तुमच्या घरची फांदी जी. तुमचाच गूळ पहिला.”

खाल्ला.

२ सप्टेंबर

कैदेतले शिपाई सुटून येऊ लागले असे ऐकतो. तिरोड्याकडच्या एका गावी एकजण परत आला म्हणे. खेमराज येईलही. हे शक्य आहे, आणि मला ते हवे आहे, मनापासून हवे आहे. पण माझ्या इच्छेला किंमत काय? मी इच्छा करतो आणि तिचे ओझे गोमती उचलते.

६ सप्टेंबर, पोळा

बैल मिरवून आले. मुले पुन्हा गोष्टीसाठी मागे लागली. सांगत होतो आणि मध्येच अडलो.

जुन्या दंडारीत एक बहीण होती. मी विसरूनच गेलो होतो! फांदी सुकते तेव्हा आई रडत बसते, आणि हिराकुंवराची धाकटी बहीण काठी घेऊन निघते, भुयारात उतरते, त्याला ओढून बाहेर आणते. मी पदे लिहिली त्या वर्षी बहिणीचे सोंग घेणारा गाता पोरगा मिळेना आणि खेळही लांबत होता. तिला काढून टाकले. मग फांदी सुकण्याचेही काम उरले नाही. ती हिरवीच ठेवली. लोकांना आवडले.

म्हणजे ती फांदी बघत बसायची नव्हतीच. ती सुकली की कोणीतरी उठायचे होते. सुकणे हाच निरोप होता. मी निरोप कापला आणि नुसते हिरवेपण ठेवले, आणि तेच एका बाईने आयुष्याला बांधले.

आता शामकलाबाईंना सांगितलेच पाहिजे. दिवाळीपर्यंत मनीराम थांबले आहेत. पुढे थांबणार नाहीत.

७ सप्टेंबर

गेलो नाही. डोके दुखत होते. (दुखत नव्हते.)

९ सप्टेंबर

सांगितले.

त्या ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी उभ्यानेच बोललो. चैतात सुकले, मी बदलले. वैशाखात सुकले, मी बदलले. तुमच्या मुलाने लावलेले झाड केव्हाच गेले, हे माझे आहे. गोमतीचे नाव काढले नाही. तो भाग माझा नाही. पण पुरते खरेही बोललो नाही, याची नोंद राहू दे.

त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, “मंग माझं पोरगं चैतातच...?”

“नाही शामकलाबाई. ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. झाड त्याच्याबद्दल काहीच सांगत नव्हते. सुकले तेव्हाही नाही, हिरवे झाले तेव्हाही नाही.”

“मंग कायले बदलवलं?”

“तुमचे तोंड बघवेना.”

त्यांनी सूप बाजूला ठेवले. “माझं तोंड तुमाले पाहावत नव्हतं, तं दुसरीकडे पाहाचं होतं मास्तर. मले काऊन फसवलं?”

मी वहाणा पायात सरकवल्या.

मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाल्या, “गूळ खाल्ला न तुम्ही.”

१२ सप्टेंबर

त्यांच्या अंगणात मोगऱ्याच्या खुंटाशी शेळी बांधली आहे. शेळीने बुंध्यापर्यंत खाल्ला. रस्त्याने जाताना दिसले. शेळी मजेत होती.

३० सप्टेंबर

शकुंतलेला सगळे सांगितले. वाटले, समजूत घालेल. ती म्हणाली, “कुंपणातून जाताना कोणी पाहिले असते तर त्या पोरीच्या नावाला काय लागले असते, याचा विचार केलात?” केला नव्हता. इतके दिवस स्वतःला दोष देतो आहे आणि हा दोष यादीत नव्हताच. दोष देण्यातही मी आपल्याला आवडतील तेच निवडतो.

१७ ऑक्टोबर

शामकलाबाईंनी स्वतः पंचांना बोलावले. मला बोलावले नव्हते. उदाराम ढोलकीवाला पंचांपैकी एक, त्याने येऊन सांगितले.

पंचांनी विचारले, बाई, झाड कुठे? त्या म्हणाल्या, “शेळीनं खाल्लं. झाड नाही तं नाही, मी आहो न वाट पाहाले. वाट पाहाचं काम मायचं आहे. सुनेनं कायले करावं? चोरखमाऱ्याले निरोप धाडा.”

उदाराम म्हणाला, गोमती आत होती, हुंदका ऐकू आला. मग शामकलाबाई ओरडल्या, “रडून नको राहू. चहा टाक पंचायले.”

९ नोव्हेंबर, मंडई

दुपारी दंडार झाली. हिराकुंवर यंदा उदारामचा भाचा. मी बहिणीचे पद परत घातले. ते सोंग घेतलेला पोरगा बेसूर गातो, आणि काठी घेऊन निघाला तेव्हा लोक हसले. शामकलाबाई बायकांत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. पुढे सरकून बसल्या.

माझ्याशी बोलत नाहीत अजून.

२३ नोव्हेंबर

काल गोमतीचा पाट लागला. सकाळी बैलबंडीतून चोरखमाऱ्याकडे रवाना झाली. केवलराम अबोल माणूस वाटला. बंडीत त्याने आधी गवत पसरले, त्यावर घोंगडी घातली, मग तिला बसायला सांगितले. शामकलाबाईंनी बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि घरात गेल्या. दार लावून घेतले.

खेमराजचा काही पत्ता नाही. उद्या तो आला तर? हा प्रश्न मी सोडवू शकत नाही आणि लपवतही नाही. त्या घरात आता एकच बाई आहे. तिची आशा मी खोटी केली आणि सोबतही नेली. गोमती सुटली याचा आनंद आहे. तो घ्यायचा हक्क मला आहे का, ते माहीत नाही.

२ डिसेंबर

शामकलाबाई आल्या. जवळजवळ तीन महिन्यांनी. ओसरीत बसल्या नाहीत, थेट विहिरीकडे गेल्या, उरलेली रोपे बघितली.

“एक द्या.”

मी म्हणालो, शामकलाबाई, खेमराजसाठी पुन्हा —

“त्याच्यासाठी नाही जी. गोमतीसाठी. पोरगी परक्या गावात गेली. तिचं बरं चालून राहिलं का नाही, मले कसं समजन?”

मी रोप काढू लागलो. त्यांनी हात धरला. “आता नको. जमीन खनून ठेवतो, मंग आना. अन् एक ऐका मास्तर. या खेपेस सुकलं तं बदलवजा नको. मले सांगजा. मी काठी घेईन अन् चोरखमाऱ्याले पायी जाऊन पोरीले पाहून येईन.”

उद्या: मोगऱ्याचे एक रोप शामकलाबाईंकडे पोचवणे. दिवसाउजेडी, पुढच्या फाटकाने.